गोलकीपरची दाढ

वादात आपल्याला आजवर कोणीही हरवलेलं नाही, असं दातांचे डॉक्टर छातीठोकपणे सांगत. आणि ते अगदी खरं होतं! त्यांच्याशी वाद घालणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी आरसा, कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी आणि खुद्द डॉक्टरांची दोन बोटं असत. एवढा ऐवज तोंडात घेऊन मुद्देसूद बोलणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. डॉक्टर दात कोरता कोरता विषय काढत, आपली बाजू मांडत, समोरच्याची बाजूही स्वतःच मांडत, तिचे वाभाडे काढत आणि शेवटी "बरोबर ना?" असं विचारून मशीन सुरू करत. पेशंट कळवळून "आं!" म्हणे. "बघा! पटलं की नाही?" असं म्हणून डॉक्टर विजयी मुद्रेनं त्याला चूळ भरायला लावत.

हा दबदबा दवाखान्यापुरताच होता. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर घर होतं आणि घरात सासरे होते. सासऱ्यांचे सगळे दात डॉक्टरांनीच काढून त्यांना नवी कवळी करून दिली होती. त्यामुळे त्यांच्या तोंडात घालायला डॉक्टरांकडे काही उरलंच नव्हतं. सासरे अगदी मोकळ्या तोंडानं वाद घालत.

त्या आठवड्यात वादाला विषयही तसाच मिळाला होता. गावच्या फुटबॉल क्लबच्या नव्या मॅनेजरनं कुलूपला बाकावर बसवलं होतं!

कुलूप म्हणजे क्लबचा गोलकीपर. खरं नाव होतं काहीतरी, पण ते आता फक्त त्याच्या आईच्या तोंडी उरलं होतं. तो गोलात उभा राहिला की दाराला कुलूप लागलं, असं प्रेक्षक म्हणत, म्हणून कुलूप. लहानपणी ज्यांनी कुंपणावर चढून त्याचा पहिला सामना पाहिला, ते आता आपल्या पोरांना कुंपणावर चढवत होते, तरी गोलात कुलूपच. आणि त्याच्या जागी मॅनेजरनं आणला होता एक उंच, किडकिडीत तरुण. त्याला बघताक्षणीच लोकांनी नाव ठेवलं, शिडी.

"कुलूप काढलं आणि वर शिडी लावून ठेवली!" डॉक्टर जेवताना कडाडले. "चोरांना आमंत्रण आणखी कसं देतात?"

"हल्लीच्या गोलकीपरला पाय लागतात, जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले. "चेंडू पायानं पुढे द्यावा लागतो. नव्या पद्धतीचा खेळ आहे हा."

"गोलकीपरला पाय? मग हात काय खिशात घालून फिरायला दिलेत?"

"कुलूपला हातही आहेत, पायही आहेत. फक्त त्यांची आपसात बोलाचाल बंद आहे. खाली वाकतो तेव्हा गुडघे असे वाजतात, की मागच्या रांगेत कोणी अक्रोड फोडतंय असं वाटतं!"

"अनुभव आहे त्याच्याकडे!"

"मागच्या मोसमात चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला तोही अनुभवच का?"

"वाट दिली त्यानं! मोठ्या मनाचा माणूस आहे!"

"अहो, भात कोण घेणार आहे?" डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं. ती एकाची बायको आणि दुसऱ्याची मुलगी असल्यामुळे तिनं स्वतःचं मत कधीच बाद करून टाकलं होतं.

डॉक्टर हात धुवायला उठले. उठता उठता त्यांनी जाहीर केलं, "कुलूप एकदा माझ्या खुर्चीत बसू द्या. आतली गोष्ट काय आहे ती मी त्याच्या तोंडातून बाहेर काढतो की नाही बघा!"

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कुलूप गाल धरून दवाखान्याच्या दारात उभा राहिला!

डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला "या, या, अलभ्य लाभ!" असं म्हटलं. दाढदुखीनं रात्रभर तळमळलेल्या माणसाला हे स्वागत जरा विचित्र वाटलं. पण कुलूप मुळातच अबोल. दारातून आत येताना तो सवयीनं थोडा वाकला, खुर्चीत बसला, तोंड उघडलं आणि एका दाढेकडे बोट दाखवलं.

एरवी दवाखान्यात डॉक्टरांच्या मदतीला बायको असे. त्या दिवशी ती सकाळपासून बहिणीकडे गेली होती. ती असती तर पुढचं काहीच झालं नसतं, हे डॉक्टरांनी पुढे स्वतःच कबूल केलं. म्हणजे तिनं ते त्यांच्याकडून कबूल करवून घेतलं.

कुलूपनं बोट दाखवलं त्या क्षणी डॉक्टर पाठमोरे होते. भुलीचं इंजेक्शन भरता भरता ते बोलत होते, "घोर अन्याय आहे हो! मी तर त्या मॅनेजरचं तोंड बघणार नाही. आमच्या धंद्यात असं म्हणणं बरं नाही, पण नाहीच बघणार!" मग ते वळले. कुलूपचं बोट तोवर खाली आलं होतं. डॉक्टरांनी आरसा आत घातला. डावीकडच्या दाढेत एक छोटासा काळा खड्डा दिसला. "सापडली!" असं म्हणून त्यांनी सुई टोचली. माणूस धिप्पाड होता म्हणून औषध थोडं जास्तच दिलं, आणि भूल चढेपर्यंत कुलूपच्या तोंडात बोळे, नळी आणि आरसा असा नेहमीचा ऐवज भरून ठेवला.

"आता मला एक सांगा," डॉक्टर स्टूल पुढे ओढून म्हणाले, "तुम्ही काय ठरवलंय? हा अपमान गिळून बाकावर बसून राहणार? की काही दुसरी हालचाल आहे?"

कुलूपच्या डोळ्यांत एकाएकी भीती उभी राहिली. आपली भलतीच बाजू बधिर होत चाललीय, हे त्याला नेमकं तेव्हाच कळलं होतं. त्यानं सगळा जीव एकवटून सांगितलं,

"उअईअई!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. व्यंजनं गळून गेलेली, नुसत्या स्वरांची भाषा आपल्याला आईला तान्ह्या बाळाची कळावी तशी कळते, असा डॉक्टरांचा ठाम समज होता. त्यांनी डोळे बारीक केले. उ, अ, ई, अ, ई. ओठांत त्यांनी दोनदा जुळवून पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"दुसरीकडची?" ते कुजबुजले. "दुसरीकडची ऑफर आहे तुम्हाला?"

कुलूपनं दोन्ही हात वर केले. पेनल्टी अडवताना करायचा तसे, तळवे पुढे, बोटं फाकलेली.

"कळलं! कोणाला सांगू नका म्हणता ना? माझ्याकडून एक अक्षर बाहेर जाणार नाही!" असं म्हणून डॉक्टरांनी मशीन सुरू केलं.

दाढ भरून झाली. कुलूप उठला. त्याची डावी बाजू दगडासारखी झाली होती, जीभ पायपुसण्यासारखी पडली होती आणि उजवी दाढ पहिल्यापेक्षा जोरात ठणकत होती. तो बरंच काही बोलला. त्यातला "आ" आणि "ओ" तेवढा बाहेर आला. "आभार कसले मानता! घरचेच आहात!" असं म्हणून डॉक्टरांनी त्याला दारापर्यंत पोचवलं. दोन्ही गाल दोन्ही हातांत धरून कुलूप रस्त्यानं घरी गेला.

डॉक्टरांनी शब्द पाळला. त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. फक्त शेजारच्या बेकरीवाल्याला सांगितली, आणि तीही "तुझ्यापर्यंतच ठेव" असं बजावून.

"दुसरीकडची म्हणजे कुठली?" बेकरीवाल्यानं कानाजवळ येऊन विचारलं.

"ते नाही बोलला. पण तूच विचार कर ना."

बेकरीवाल्यानं विचार केला. नदीपलीकडे एकच क्लब होता, आणि तो या गावाचा जन्माचा वैरी होता. बेकरीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. अर्थात तो सकाळपासून पिठानं पांढराच होता.

दुपारपर्यंत पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला पावाबरोबर ही बातमी मिळाली, तीही गरमागरम. कुलूप नदीपलीकडे चालला! पुढच्या चौकात तिला आणखी फुगवटा आला. करार झाला! त्याच्या पुढच्या गल्लीत बातमी पोचली तोवर कुलूपचं घर रिकामं करायला ट्रकसुद्धा आला होता. ट्रक खराच आला होता. कुलूपच्या शेजारणीचं नवं कपाट घेऊन. पण कपाट उतरवतायत की चढवतायत, हे उभं राहून बघायला कोणाला वेळ होता?

डॉक्टरांची कल्पना अशी, की बातमी फुटली की सगळं गाव एकमुखानं मॅनेजरवर तुटून पडेल. गावाला मात्र एक मुखच नव्हतं! निम्मे लोक म्हणाले, "मॅनेजरनं घालवला!" उरलेले निम्मे म्हणाले, "गद्दार निघाला!" औषधांच्या दुकानासमोर दोन सख्खे साडू एकमेकांच्या अंगावर धावून गेले. केस कापणाऱ्यानं एका गिऱ्हाइकाला अर्ध्यावर उठवून बाहेर काढलं, कारण त्यानं शिडीची बाजू घेतली होती. ते अर्धं गिऱ्हाईक दिवसभर टोपी घालून फिरलं. आणि सासरे? ते गॅलरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जाऊ दे की तिकडे! आपल्याला त्यांच्याविरुद्ध गोल तरी मारता येतील!"

दुपार कलली तेव्हा कुलूपच्या घरासमोर हीऽ गर्दी जमली.

कुलूप खिडकीत आला. भूल अजून उतरली नव्हती आणि उजवा गाल सुजून बनपावासारखा झाला होता. खाली लोक ओरडत होते, "सांग! काय झालं ते सांग!" कुलूपनं बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून थोडी लाळ आली. मग त्या बिचाऱ्यानं सरळ खुणेनं सांगायचं ठरवलं. त्यानं आपल्या सुजलेल्या उजव्या गालावर दोनदा हात आपटून दाखवला.

सगळे तो गाल निरखून बघू लागले.

"थोबाडीत मारली!" बेकरीवाला किंचाळला. "मॅनेजरनं कुलूपच्या थोबाडीत मारली!"

आता मात्र गाव खरोखरच एकमुखी झालं! गद्दार म्हणणारेही पुढे, घालवला म्हणणारेही पुढे. सगळी गर्दी मैदानाच्या दिशेनं वळली. वाटेत दवाखाना लागला. डॉक्टर दारात उभं राहून आपल्या कर्तबगारीकडे थोड्या अभिमानानं आणि थोड्या काळजीनं बघत होते, तोच बेकरीवाल्यानं त्यांचं मनगट पकडलं.

"चला डॉक्टर! तुम्ही साक्षीदार! तो गाल तुम्ही आतून पाहिलाय!"

"मी? अरे, पण सकाळी तर सूज..."

"ऐकलंत? सकाळी सूज नव्हती! म्हणजे दुपारी मारलं!"

डॉक्टर पांढऱ्या कोटातच मोर्च्याच्या पुढे ढकलले गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा जागी सापडले होते, जिथे सगळ्यांची तोंडं मोकळी होती आणि त्यांचं मात्र बंद पडलं होतं.

क्लबचं ऑफिस मैदानाच्या एका टोकाला होतं. मॅनेजर बाहेर आला. चष्मेवाला, हळू आवाजाचा माणूस. त्याच्या मागे शिडी उभा होता. उद्या त्याचा पहिला सामना. हातात मोजे घट्ट धरलेले, चेहरा असा, की आता रडू फुटेल. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ए शिडी! आलास तसा परत जा!" आणि त्या उंच पोरानं मान इतकी खाली घातली, की तो चारचौघांएवढा दिसायला लागला.

डॉक्टरांनी ते पाहिलं. इतका वेळ शिडी म्हणजे त्यांच्या लेखी जेवताना हाणायचा एक मुद्दा होता. मुद्द्याला असे घामेजलेले कान असतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही मारलंत का त्याला?" बेकरीवाल्यानं मॅनेजरला दरडावून विचारलं.

"कोणाला?" मॅनेजर म्हणाला.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा!"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. नुसता एक "आं" आला. पेशंट म्हणतात तसा, हुबेहूब!

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो! थांबा!"

डॉक्टरांची बायको गर्दी बाजूला सारत येत होती, आणि तिच्यामागे गालावर ओला रुमाल धरून कुलूप. गर्दी घरासमोरून हलताच तो मागच्या दारानं निघून थेट दवाखान्यात पोचला होता. डॉक्टर तेव्हा मोर्च्यात होते. बहिणीकडून नुकतीच परतलेली बायको एकटीच होती. तिनं त्याला उजेडात बसवलं, तोंड उघडायला सांगितलं आणि कुठे दुखतंय ते विचारलं. एवढंच केलं. पण दिवसभरात एवढं कोणीच केलं नव्हतं.

"माणसाची उजवीकडची दाढ सडलीय," तिनं सगळ्यांदेखत डॉक्टरांना विचारलं, "आणि तुम्ही डावीकडची का भरलीत?"

"उजवीकडची?" डॉक्टर पुटपुटले. उ, अ, ई, अ, ई. त्यांच्या डोक्यात एकेक स्वर येऊन आपापल्या जागी बसला. "अरे देवा... उजवीकडची!"

"मग काय समजला होतात तुम्ही?"

डॉक्टरांनी अगदी बारीक आवाजात सांगितलं. पहिल्या रांगेनं ते दुसऱ्या रांगेला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. मागे पोचेपर्यंत, आश्चर्य म्हणजे, या एकाच गोष्टीत कोणी मीठमसाला घातला नाही. गरजच नव्हती! हसू मागच्या बाजूनं सुरू झालं आणि वाढत वाढत पुढे आलं. बेकरीवाला हसता हसता खाली बसला.

कुलूपनं हात वर केला. त्याची जीभ आता जराशी ताळ्यावर आली होती.

"मी कुठेही जात नाही," तो एकेक शब्द जुळवत म्हणाला. "मला काढलं ते मला आवडलेलं नाही. यांना मी तोंडावर सांगितलंय. अजूनही राग आहे." मॅनेजरनं खाली बघत मान हलवली. "पण ते आमचं आम्ही बघू. याचा काय संबंध?" त्यानं शिडीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी कुलूपसारख्या माणसालाही हात उंच करावा लागला. "हा माझ्यासमोर रोज सराव करतो. चांगला आहे. उद्या याला ओरडायचं असेल तर बाकावर मीही बसलोय. मग मलाच ओरडा."

हे कुलूपच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण होतं. ते संपल्यावर त्यानं पुन्हा गाल धरला.

गर्दी मुकाट्यानं पांगली. "ए शिडी" म्हणणाऱ्यानं जाता जाता "उद्या येतो रे बघायला" असं म्हटलं. मॅनेजर डॉक्टरांजवळ आला. आता आपल्याला पोलिसांत देणार, असं डॉक्टरांना वाटलं.

"उद्या सामना बघायला त्याला बाकावर सरळ बसता आलं पाहिजे," मॅनेजर म्हणाला. "दाढ आजच होईल का?"

दाढ त्याच संध्याकाळी झाली. बायको शेजारी उभी होती. डॉक्टरांनी कुलूपला तीनतीनदा विचारून घेतलं, "हीच ना?" आणि त्यापलीकडे चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशीचा सामना बरोबरीत सुटला. शिडीनं एक गोल असा अडवला, की लोक जागेवर उभे राहिले. आणि एक असा खाल्ला, की लोक जागेवर बसले. पायानं पुढे द्यायचा चेंडू त्यानं समोरच्या संघालाच देऊन टाकला होता. साहजिकच मैदानातून बाहेर पडताना दोन्ही बाजूंचे लोक "आम्ही काय म्हणत होतो?" असंच म्हणत होते. सासरे घरी येईपर्यंत बोलत होते. डॉक्टर मात्र गप्प होते. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, यापुढे दवाखान्यात बोलणं बंद!

आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली.

सोमवारी बेकरीवाला दात साफ करून घ्यायला आला. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. आरसा फिरवला, काहीच बोलले नाहीत. बेकरीवाल्याचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळले. एवढी वर्षं येतोय, डॉक्टर कधी श्वास घ्यायलासुद्धा थांबले नव्हते! त्यानं नळी उपसून बाहेर काढली.

"डॉक्टर, स्पष्ट सांगा. किती पसरलंय?"

"काही नाही रे. ठीक आहे."

"ठीक आहे? एवढंच?" बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी कोणाला सांगू नका."

मग तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला. संध्याकाळी त्याची मावशी परगावाहून रडत आली. मंगळवारचे पेशंट डॉक्टरांच्या गप्प चेहऱ्याकडे बघून एकामागून एक गळपटले. एक बाई तर इंजेक्शनच्या आधीच बेशुद्ध पडली!

"उद्यापासून बोला," बायकोनं शेवटी फर्मावलं. "लोक घाबरतायत."

"काय बोलू?"

"काहीही बोला. फक्त समोरच्याला उत्तर देता येईल असं बघून बोला. तोंडात काही घालायच्या आधी त्याचं मत विचारा, आणि ते ऐकून घ्या."

डॉक्टरांना हे मनापासून पटलं. बुधवारी पहिला नंबर होता घड्याळजींचा. त्यांचे सगळ्यात जुने पेशंट. डॉक्टरांनी दवाखाना उघडला तेव्हापासून फुटबॉलवरची प्रत्येक चर्चा त्यांनी याच खुर्चीत आडवं पडून निमूट मान डोलावत ऐकली होती. एवढा जाणकार श्रोता गावात दुसरा नव्हता. डॉक्टरांनी हत्यारं लांब ठेवली, हात मांडीवर घेतले आणि अत्यंत आदरानं विचारलं,

"बोला घड्याळजी. आज मला तुमचं ऐकायचंय. कुलूप की शिडी? तुमचं काय मत?"

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"डॉक्टर," ते संकोचून म्हणाले, "मी फुटबॉल बघत नाही."